पहिली शंभरी: मुंबईहून लांब पल्ल्याची सायकल कशी जमवावी

पनवेलपुढच्या पळस्पे फाट्याजवळ हायवेच्या कडेला, सकाळी साडेअकराच्या उन्हात, मी सायकल उलटी करून तिच्यासमोर बसले होते. मागचं चाक पंक्चर. एक नवी ट्यूब घालून झाली होती, अर्ध्या किलोमीटरवर तीही बसली. बाटलीत दोन घोट पाणी, पोटात पहाटेचा चहा आणि ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा. मुलुंडचं घर अजून चाळीसेक किलोमीटर. शेवटी कांद्याच्या रिकाम्या टेम्पोत सायकल टाकली आणि ऐरोलीपर्यंत आले. टेम्पोवाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत, पण उतरताना म्हणाले, "ताई, पनवेलहून ट्रेन असते की."

जाताना सगळं मस्त होतं. कर्नाळ्याला पोहोचून फोटोही काढले होते. चूक एवढीच की मी फक्त जाण्याची तयारी केली होती. मुलुंड ते कर्नाळा आणि परत म्हणजे साधारण १०० किलोमीटर, सायकलवाल्यांची शंभरी, आणि त्यातले शेवटचे चाळीस हे पहिल्या चाळिसांपेक्षा पूर्ण वेगळे असतात. ऊन वेगळं, वारा वेगळा, ट्रॅफिक वेगळं आणि आपण स्वतःही वेगळे. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते सगळं परतीच्या वाटेवरून उलटं मोजत लिहिलंय.

मी खेळाडू वगैरे नाही. चाळिशी उलटल्यावर मुलीची पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढली, तिथून सुरुवात. त्यामुळे हा लेख ज्यांना २०-२५ किलोमीटर जमतात आणि त्यापुढे काय करायचं कळत नाही, त्यांच्यासाठी आहे. चाळिशीपुढचे असाल, बीपी-शुगर असेल किंवा छातीचा काही त्रास होऊन गेला असेल, तर पहिली पायरी सायकलचं दुकान नाही, डॉक्टर.

१. आहे ती सायकल नीट करा

पहिल्या शंभरीसाठी महागडी रोड बाइक लागत नाही. गिअरची साधी हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि डोंगरी सायकलीच्या मधली, पुरते. जाड दातेरी टायरची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकलही चालते, फक्त ती रस्त्याला जास्त घासते आणि परतीला ते पायांना कळतं. एमटीबीच असेल तर टायर तेवढे गुळगुळीत घ्या, निम्मा फरक तिथेच पडतो.

सीटची उंची मात्र आजच तपासा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. मुंबईत बहुतेकजण सिग्नलला पाय टेकवता यावा म्हणून सीट खाली ठेवतात. दहा किलोमीटरला चालून जातं, पन्नासला गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर उलट, सीट जास्त वर आहे.

आणि ते जाड जेलचं सीट कव्हर काढून टाका. मऊ गादीत आपण रुततो, आणि बसायच्या दोन हाडांवर जायचं वजन नाजूक भागावर येतं. पहिले दोन-तीन आठवडे कडक सीटवर दुखेल, मग शरीर सरावतं. महिन्यानंतरही दुखत असेल तर सीटची रुंदी आपल्या मापाची नाही असं समजा.

हवा किती भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं. बोटाने दाबून "ठीक आहे" म्हणू नका. प्रेशर दाखवणारा उभा पंप घरी असू द्या आणि दर लांब राइडच्या आदल्या रात्री तपासा.

२. गणपती गेले की सुरुवात, मार्गशीर्षात शंभरी

मुंबईत लांब सायकलिंगचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोपर्यंत पाय तयार हवे असतील तर गणपती विसर्जन झालं की सुरुवात करायची. ऑक्टोबरचं ऊन वाईट असतं, पण तेव्हा आपल्या राइडही लहान असतात.

आठवड्यात तीन दिवस पुरतात. दोन दिवस ४५ मिनिटं ते एक तास, आणि रविवारी लांब. माझे रविवार असे होते: २०, २५, ३०, मग पुन्हा २२, नंतर ३५, ४२, ५०, मग ३५, नंतर ६०, ७५, मग ५०, आणि बाराव्या रविवारी शंभर. मध्ये मध्ये आकडा कमी झालाय तो चुकून नाही. दर चौथ्या आठवड्याच्या आसपास शरीराला सावरायला वेळ द्यायचा. जोशात येऊन हा हलका आठवडा गाळणारे लोक दोन महिन्यांनी गुडघ्याला बर्फ लावून बसलेले दिसतात. त्यात एकदा मीही होते.

लांब राइडचा वेग किती? शेजारी चालणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं इतका. एक-एक शब्द तुटत असेल तर तुम्ही जोरात जाताय. हे ऐकायला सोपं आहे, पाळायला भयंकर कठीण, कारण पाम बीच रोडवर कुणी ना कुणी सर्रकन पुढे जातंच आणि आपला अहंकार त्याच्यामागे निघतो. त्याला जाऊ दे. तो कदाचित बेलापूरहूनच परत फिरणार आहे.

गिअर हलका ठेवा आणि पाय भरभर फिरवा. पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली जातो ते मोजा. वीसच्या आसपास आला म्हणजे मिनिटाला ८० झाले, ते चांगलं. बारा-तेरा येत असेल तर तुम्ही जड गिअर रेटताय आणि त्याचं बिल परतीच्या वाटेवर गुडघे देणार.

चढाचा सराव मुंबईत होत नाही असं म्हणणाऱ्यांनी येऊर चढून बघावं. मुलुंड-ठाणेकरांना ते घरचंच. पश्चिम उपनगरातल्यांना आरे कॉलनीतले चढउतार आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता आहे, शेवटाला चांगला दम काढतो. दक्षिण मुंबईकरांनी मरीन ड्राइव्हच्या सपाट फेऱ्यांना वाळकेश्वर आणि मलबार हिलचा चढ जोडावा. आठवड्यातली एक छोटी राइड चढासाठी ठेवली की पूल, फ्लायओव्हर वगैरे कधी येऊन गेले कळत नाही.

३. दुपारचा वारा

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दिवस वर आला की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. मुंबईत हा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो आणि साधारण अकरा-बारानंतर जोर धरतो. आता नकाशा बघा: पनवेलहून मुंबईकडे येताना आपलं तोंड वायव्येलाच असतं. म्हणजे सकाळी ज्या रस्त्याने २२ च्या वेगाने गेलात, त्याच रस्त्यावर दुपारी १५ सुद्धा मारून मुटकून येतात. ऐरोलीच्या किंवा वाशीच्या खाडीपुलावर तर आडोसाच नसतो, समोरून कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं.

उपाय एकच. पहाटे लवकर निघा, आणि वारा जोर धरायच्या आत परतीचा खाडीपूल ओलांडा. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पावणेपाचला निघालात तर दोन तास अंधारात जाणार. म्हणून दिवे ही हौस नाही, सामानातली पहिली वस्तू आहे. त्यातूनही वारा लागलाच तर वेग विसरा, दोन गिअर हलके करा, कोपरं वाकवून थोडं खाली झुका आणि दम तेवढाच ठेवा.

४. कुठे जाता येत नाही

नकाशावरचा सगळ्यात जवळचा रस्ता बऱ्याचदा सायकलला बंद असतो. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे या सगळ्यांवर सायकल चालत नाही. फोनवरचा नकाशा गाडीच्या सेटिंगवर असेल तर तो तुम्हाला इमानेइतबारे तिथेच नेऊन सोडेल. आदल्या दिवशी घरी बसून रस्ता पाहून ठेवा.

नवी मुंबईत जायला मुलुंड-भांडुपकडून ऐरोलीचा पूल, आणि दादर-चेंबूरकडून मानखुर्दमार्गे वाशीचा पूल. दादरहून निघालात तर कर्नाळ्याची शंभरी थोडी ११० कडे झुकते. बोरिवलीकरांसाठी घोडबंदर ओलांडून वसई, अर्नाळा ही बाजू बरी. घोडबंदर रोडवर ट्रक असतात, त्यामुळे तिथून उजाडताना पार व्हा.

पुलांवरचे लोखंडी सांधे सरळ, हँडल न वळवता ओलांडायचे. पावसाळ्यात किंवा दवात ते, गटारांची झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, तिन्ही साबणासारखे होतात.

५. भूक लागायच्या आधी खा

माझ्या त्या पहिल्या फजितीत पंक्चर हे निमित्त होतं. खरं म्हणजे मी उपाशी होते. स्नायूंमध्ये साठवलेली साखर जोरात सायकल चालवताना दीड-दोन तास पुरते, मग अचानक दिवे जातात. पाय दुखत नाहीत, फक्त काही करावंसंच वाटत नाही, आणि फुटपाथवर बसून रडू येतं. हे मनाचं दुबळेपण नाही, पेट्रोल संपलंय.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. फोनवर दर अर्ध्या तासाला गजर लावा आणि गजर झाला की दोन घास, भूक असो वा नसो. महागडे जेल, बार मी आणून पाहिले. उन्हात ते तोंडात चिकटतात आणि त्यावर पाणी जास्त लागतं. त्यापेक्षा आपल्या डब्यातलं बरं: राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, गुळाची दशमी, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे.

आणि सुकेळी. वसई-आगाशीकडची ही राजेळी केळ्यांची वाळवलेली केळी ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांनी मुद्दाम शोधून आणावीत. ताजं केळं पिशवीत तासाभरात काळं पडून शिकरण होतं. सुकेळं मात्र मधाच्या रंगाचं, चिवट, बोटाएवढं असतं. दाताने तोडून एका गालात ठेवलं की दोन किलोमीटर हळूहळू विरघळत राहतं. कागदात गुंडाळून खिशात दिवसभर टिकतं. माझ्या मते लांब सायकलिंगसाठी कोकणपट्टीने काही बनवलं असेल तर ते हेच, फक्त बनवणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

पाण्याचं गणित मुंबईत वेगळं. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, म्हणून अंग थंडही होत नाही आणि घाम येतच राहतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. तुमचा आकडा काढायचा असेल तर एका रविवारी निघताना आणि आल्यावर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी कमी प्यायलात.

नुसतं पाणी पीत राहणं हाही सापळा आहे. घामातून मीठ जातं, वर नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं मीठ अजून पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो आणखी पाणी हवं. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस ठेवा. पाकिटावर किती पाण्यात मिसळायचं ते वाचा, कारण मोठं पाकीट एक लिटरचं असतं आणि छोटं २०० मिलीचं. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चवीला लिंबू किंवा कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतं, तेव्हा ते घातलंत तर वरचं मीठ कमी करा.

वाटेतला वडापाव? परतीला, घराजवळ. उन्हात तळलेलं खाऊन तीस किलोमीटर काढणारे वीर असतात, मी त्यांतली नाही.

६. पिशवीत काय, आणि ते वापरायचं कसं

पाठीवर सॅक नको. मुंबईच्या घामात पाठ भिजते, खांदे आखडतात. अवजारं सीटखालच्या छोट्या बॅगेत, खाणं पुढच्या दांड्यावरच्या बॅगेत, पाणी फ्रेमवरच्या दोन पिंजऱ्यांत.

सीटखालच्या बॅगेत:
- दोन ट्यूब, आपल्या टायरच्या मापाच्या. एक नाही, दोन.
- टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर
- पॅचचा डबा. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की सुकते, दर दोन महिन्यांनी बघा.
- छोटा हातपंप
- ४, ५, ६ नंबरच्या ॲलन की आणि चेन तोडायचं टूल असलेलं मल्टिटूल
- आपल्या चेनच्या मापाची जोडकडी
- जुना सुती रुमाल आणि छोटा चिमटा

या शेवटच्या ओळीसाठी मी टेम्पोतून घरी आलेय, त्यामुळे थोडं सविस्तर. हायवेच्या कडेला ट्रकचे टायर फुटून त्यातल्या तारांचे तुकडे पडलेले असतात. केसाएवढी बारीक, अर्धा सेंटिमीटर लांब तार. ती टायरमध्ये शिरते आणि बाहेरून दिसतच नाही. मी त्या दिवशी पंक्चर ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली, आणि टायरमध्ये बसलेल्या त्याच तारेने नव्या ट्यूबलाही टोचलं.

बरोबर पद्धत अशी. टायर काढताना त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येतं का ते लक्षात ठेवा. ट्यूबला थोडी हवा भरून गालाजवळ फिरवा, भोक कुठे आहे ते कळेल. मग ट्यूब टायरवर धरून बघा: भोक व्हॉल्व्हपासून जितक्या अंतरावर, टायरमध्ये काटाही तिथेच. आता रुमाल टायरच्या आतून सावकाश फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तार. बोट फिरवू नका, रक्त काढते. चिमट्याने ओढा, पुन्हा एकदा रुमाल फिरवा, मगच नवी ट्यूब. हे सगळं हायवेवर पहिल्यांदा करू नका. घरी हॉलमध्ये पेपर पसरून तीनदा करा, त्यात मागचं चाक चेनसकट दोनदा.

दुसरा सापळा व्हॉल्व्हचा. बऱ्याच गिअरच्या सायकलींना बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं नोझल त्यावर बसत नाही. मला एका दुकानात काकांनी ती ट्यूब हातात घेऊन विचारलं होतं, "ताई, ही सायकलची हाय का विमानाची?" पितळेचा बोटाच्या पेराएवढा ॲडॉप्टर मिळतो, अगदी स्वस्त. तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवला की हरवत नाही. आणि कॉम्प्रेसरने भरताना थेंब-थेंब भरा, ट्रकच्या सवयीने दाबलं तर सायकलची ट्यूब फाट्कन जाते.

७. कागद, पैसे, फोन

- आधारची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये. तिच्या मागे हाताने लिहिलेलं: रक्तगट, औषधांची ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. फोन लॉक असतो, कागद नसतो.
- आरोग्यविमा कार्डाची प्रत
- पाचशे रुपये सुट्ट्या नोटांत. रेंज नसली की क्यूआर कोड काय कामाचा?
- सायकलचं बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो, फोनमध्ये
- छोटी पॉवरबँक आणि केबल
- नंबर: ११२ आपत्कालीन, १०८ ॲम्ब्युलन्स, राष्ट्रीय महामार्गावर १०३३

घरच्यांना लाइव्ह लोकेशन द्या, आणि "दर दोन तासांनी मेसेज करेन" असं सांगून ठेवा. सारखे फोन आले की थांबत बसावं लागतं, नाही उचलला की आई घाबरते.

८. कपडे, आणि बायकांसाठी थोडं जास्त

हेल्मेटशिवाय निघायचं नाही, यावर चर्चा नको. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, आणि उजाडेपर्यंत अंगावर चमकणारं जॅकेट. पॅड असलेली शॉर्ट आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते. हे दुकानात कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही, मग शिवणी घासून पन्नास किलोमीटरनंतर चालवत नाही. जांघेत व्हॅसलीन लावा. शॉर्टची लाज वाटत असेल तर वरून सैल पँट घाला, मी पहिलं वर्षभर तेच केलं. नवीन कपडे, नवीन बूट, नवीन सीट, काहीही शंभरीच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिणं ही बायकांची सगळ्यात मोठी चूक, मीही करायचे. त्यापेक्षा जागा हेरून ठेवा. पेट्रोल पंप, महामार्गावरची मोठी हॉटेलं, रेल्वे स्टेशनं. पंपावर चावी मागावी लागते, बिनदिक्कत मागा. टिश्यू, सॅनिटायझर आणि दोन पॅड पिशवीत, तारीख असो वा नसो. पाळीच्या दिवसांत लांब राइड करावी का? मला पहिल्या दोन दिवशी जमत नाही, मैत्रिणीला काहीच फरक पडत नाही. आपापलं बघावं.

अंधारात एकटीने न निघता दोघी-तिघी मिळून निघा. आणि ग्रुप निवडताना त्यांचा वेग विचारू नका, "मागे राहिलेल्यासाठी कोण थांबतं?" एवढंच विचारा.

९. शंभरीचा दिवस

माझी जमलेली शंभरी अशी गेली. आदल्या रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी, दहाला झोप. चार वाजता उठून दोन केळी आणि मऊ उपमा. पावणेपाचला वॉचमनकाकांना उठवून गेट उघडून घेतलं. ऐरोलीचा पूल अंधारात, पाम बीचवर वाशी ते बेलापूर मोकळा रस्ता, उजाडलं तेव्हा पनवेल जवळ. पनवेलला पहिला थांबा, दहा मिनिटं, चहा आणि राजगिऱ्याचा लाडू. पळस्पे फाट्याला पुण्याचा रस्ता सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा सुळका समोर दिसायला लागतो आणि रस्ता हलकेच चढतो.

पक्षी अभयारण्याच्या फाटकाशी आठला. इथे पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही असं ठरवलं होतं, कारण बसलं की पाय आखडतात. दोन्ही बाटल्या भरल्या, मीठ लावलेला बटाटा खाल्ला, टायरवरून नजर फिरवली आणि परत.

परतीला तीन तुकडे केले: पनवेल, बेलापूर, ऐरोली. मनात घर आणायचंच नाही, पुढचं स्टेशन फक्त. हार्बर लाइन पनवेलपासून वाशीपर्यंत सोबत असते, हा मोठा आधार. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी स्वतःला विचारायचं: लघवी गडद पिवळी झालीय का, डोकं जड आहे का, उन्हात अंगावर शहारे येतायत का? शेवटच्याला "हो" असेल तर राइड तिथेच संपली. सावलीत बसा, अंगावर पाणी ओता, कुणाला तरी बोलवा. बरं वाटल्यावर स्टेशनवर विचारून लगेजचं तिकीट काढा आणि सायकल मालडब्यात चढवा. गर्दीच्या वेळी हे जमत नाही, रविवारी दुपारी जमतं. टेम्पोवाल्या दादांचं म्हणणं बरोबरच होतं.

त्या दिवशी ऐरोलीच्या पुलावर अकराला वारा सुटला. तोवर सहा किलोमीटर उरले होते, म्हणून हसू आलं.

घरी पोहोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत जेवा, वरण-भात-ताकासारखं काहीही. चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब द्या, आपल्या हवेत गंज एका रात्रीत धरतो. ओआरएसची बाटली गरम पाण्याने आणि सोड्याने धुवा, नाहीतर पुढच्या रविवारी झाकणात काळी बुरशी. पंक्चर झालेली ट्यूब त्याच संध्याकाळी पॅच करून पिशवीत परत.

१०. पुढे

आवड लागलीच तर ब्रेव्हे आहेत. ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स या संस्थेच्या या लांब राइड शर्यती नसतात, फक्त वेळेत पूर्ण करायच्या: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. साडेतेरा तासांत २०० म्हणजे थांबे धरून ताशी पंधराही नाही. शंभरी जमलेल्याला हा आकडा दिसतो तितका लांब नाही. दिवे आणि चमकणारं जॅकेट तिथे सक्तीचं असतं, ते तुमच्याकडे आता आहेच.

आणि ज्यांना हायवे नकोच आहे त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, सायकलसकट मांडव्याला जावं. तिथून अलिबाग, नागाव, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई करत काशीद, आणि परत मांडवा, हेही साधारण शंभरच. नारळी-पोफळीची सावली, अधूनमधून समुद्र, सोलकढी मिळणारी घरगुती खानावळ. रस्ता अरुंद आहे आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी भरतो, तेव्हा पहिल्या बोटीने जा. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, हवा बिघडली तर ती सुटते का, आणि सायकलचं तिकीट आधी काढून ठेवता येतं का, हे तिन्ही प्रश्न मांडव्याच्या जेट्टीवर उतरल्या उतरल्या विचारा. काशीदला पोहोचून, वाळूत पाय पसरल्यावर नाही.